गाड्या बंद केल्या की हवा स्वच्छ होते? छत्रपती संभाजीनगरातल्या वाहनबंदीच्या वादाचा अर्थ समजून घ्या

जालना रोडवर ट्रकना बंदी, गुलमंडीत गाड्यांना मज्जाव, पीयूसी नसेल तर पेट्रोल नाही. असे निर्णय किंवा प्रस्ताव आले की शहरात दोन तट पडतात. पण या बंदीमुळे आपण श्वासातून घेतो त्या हवेत काय फरक पडतो? नियम, आकडे आणि शहराचा नकाशा समोर ठेवून समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं शहर सुरुवातीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे.
- वाहतुकीवरची बंधनं मात्र हवेसाठी नाही, तर कोंडी आणि अपघात टाळण्यासाठी काढली जातात. दोन्ही विषयांच्या फायली वेगळ्या, खाती वेगळी.
- नुसती बंदी घातली तर धूर संपत नाही, तो दुसऱ्या वस्तीत जातो.
- पर्यायी बस, मालाच्या गाड्यांसाठी ठरलेली वेळ आणि आधी-नंतरचं मोजमाप या तीन गोष्टी असतील तरच बंदीचा उपयोग होतो.

वाद नेमका कशावर आहे?

शहराचा नकाशा बघितला की अर्धा वाद समजतो. पश्चिमेला वाळूज, पूर्वेला चिकलठाणा आणि त्यापुढे शेंद्रा. दोन्ही टोकांना औद्योगिक वसाहती आणि मधे शहर. कामगारांच्या बस, कच्चा माल आणणारे ट्रक, दुचाक्या, शेअर रिक्षा या सगळ्यांना जोडणारी मुख्य नस म्हणजे जालना रोड. क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक असं करत शहराचा बहुतेक व्यवहार याच एका रस्त्यावर येऊन थांबतो.

दुसरीकडे जुनं शहर. सिटी चौक, गुलमंडी, शहागंज, औरंगपुरा, पैठण गेट. इथले रस्ते घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्या काळातले. दरवाज्यांच्या कमानी तर त्याहून अरुंद. तिथे आज मोटारी, छोटा हत्ती, हातगाड्या आणि दुचाक्या एकाच वेळी शिरतात.

म्हणून मागण्याही दोन प्रकारच्या येतात. एक, जड वाहनं शहराबाहेरून न्या. दोन, बाजारपेठेतला काही भाग फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवा. दिवाळी जवळ आली की पैठण गेट ते गुलमंडी या पट्ट्याची चर्चा हमखास सुरू होते. रहिवासी आणि पालक म्हणतात, धुरात आणि कर्कश हॉर्नमध्ये जगणं अशक्य झालंय. दुकानदार म्हणतात, गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल. मालवाहतूकदार म्हणतात, फेरा वाढला तर डिझेलचा खर्च कोण देणार? रिक्षाचालकांचा प्रश्न सर्वांत साधा असतो: दिवसभराचा धंदा बुडाला तर हप्ता कसा भरायचा?

यातला कुणीही पूर्ण चूक नाही. म्हणूनच 'बंदी हवी की नको' या प्रश्नाआधी 'बंदी कशासाठी' हे विचारायला हवं.

शहराचं नाव केंद्राच्या यादीत का?

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. सलग पाच वर्षं हवेच्या मानकांत न बसलेली शहरं त्यात घेतली गेली. सुरुवातीच्या १०२ शहरांत महाराष्ट्रातली १७ होती. मराठवाड्यातून औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. पुढे ही यादी १३१ शहरांपर्यंत वाढली.

आधी उद्दिष्ट होतं, २०२४ पर्यंत हवेतले धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. नंतर ते बदलून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट किंवा राष्ट्रीय मानकाची पूर्तता असं झालं. १३१ पैकी ४९ शहरांचा निधी पंधराव्या वित्त आयोगाकडून येतो, उरलेल्या ८२ शहरांचा पर्यावरण मंत्रालयाकडून. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येमुळे आपलं शहर पहिल्या गटात आहे. त्यामुळे हवा सुधारली की नाही यावर पैसाही अवलंबून असतो.

पीएम १० आणि पीएम २.५ म्हणजे काय?

पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. खोदलेले रस्ते, बांधकाम, टायरखाली उडणारी माती यांतून ते मोठ्या प्रमाणात येतात. पीएम २.५ त्याच्याही चौथ्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून बारीक. डिझेलचा धूर, कचरा आणि लाकूड जाळणं, कारखान्यांच्या चिमण्या हे त्यांचे मुख्य स्रोत. पीएम १० बऱ्याच अंशी नाक आणि घशात अडतात. पीएम २.५ फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि त्यातले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात.

भारतात वर्षाच्या सरासरीची मर्यादा पीएम १० साठी ६० आणि पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ही मानकं २००९ ची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. म्हणजे आपल्या कायद्यात पास झालेली हवाही जागतिक निकषावर नापास ठरू शकते.

हवा मोजतात कुठे?

इथे वादाचा खरा कच्चा दुवा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मापनकेंद्रं दोन प्रकारची. एक, सतत आकडे देणारी स्वयंचलित केंद्रं. केंद्रीय मंडळाच्या यादीत आपल्या शहराची अशी तीन नावं दिसतात: वाळूजचा मोरे चौक, चिकलठाणा आणि रचनाकार कॉलनी. दोन, हाताने नमुने घेतली जाणारी केंद्रं. स. भु. महाविद्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि कडा कार्यालय ही त्यातली जुनी ठिकाणं.

हाताने घेतलेले नमुने आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस घेणं अपेक्षित असतं. साधा हिशेब करा. १०४ दिवस गुणिले २४ तास म्हणजे २,४९६ तास. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे सगळे नमुने वेळेवर घेतले तरी वर्षातला जेमतेम २८ टक्के वेळ मोजला जातो. वर्षाची सरासरी काढायला हे चालतं. पण 'मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ गाड्या बंद ठेवल्या तर काय फरक पडला?' या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

स्वयंचलित केंद्रं तासातासाला आकडे देतात, पण तिन्हींपैकी एकही गुलमंडी-शहागंजच्या बाजारपेठेत नाही. म्हणजे जिथे बंदीची चर्चा सर्वांत जास्त, तिथल्या हवेचा तासागणिक आकडाच नाही. वाळूजचा आकडा बघून गुलमंडीच्या धुराबद्दल भांडणं म्हणजे पैठणचा पाऊस मोजून कन्नडच्या पिकाचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

मोबाइलवर दिसणारा एक्यूआय काय सांगतो?

एक्यूआय म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. भारतात २०१५ पासून वापरात आहे. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिशय वाईट आणि ४०१ च्या पुढे गंभीर.

हा आकडा सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो. प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच त्या दिवसाचा एक्यूआय. उदाहरणासाठी समजा, २४ तासांत पीएम १० ची पातळी १५० आणि पीएम २.५ ची ७५ आहे. सूत्रात बसवलं तर पीएम १० चा निर्देशांक साधारण १३४ येतो आणि पीएम २.५ चा १४९. मग एक्यूआय १४९. या दिवशी रस्ते कितीही झाडले आणि पीएम १० खाली आला, तरी एक्यूआय १४९ वरच राहील. तो खाली आणायचा तर धुरालाच हात घालावा लागेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वित्त आयोगाच्या निधीसाठी प्रगती मोजताना एक्यूआय २०० च्या आत असलेला दिवस 'चांगला' धरला जातो. त्यामुळे 'यंदा चांगले दिवस वाढले' अशी बातमी वाचलीत, तर त्यात १९० चे दिवसही मोजलेले असू शकतात. तुमच्या घरातल्या दमेकऱ्याला तो दिवस चांगला वाटेलच असं नाही.

धूळ आधी की धूर आधी?

आपल्या शहराला दोन्हींचा त्रास आहे. धुळीची कारणं डोळ्यांना दिसतात. २,७४० कोटींच्या पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्यांसाठी रस्ते खोदले गेले. जून-जुलै २०२५ मध्ये महापालिकेने मुकुंदवाडी, पैठण रोड, पडेगाव या बाजूंच्या मुख्य रस्त्यांवर मोठी पाडापाडी केली. रस्ते रुंद व्हावेत हा हेतू, पण पाडल्यानंतर राडारोडा किती दिवस पडून राहतो आणि त्यावरून किती चाकं जातात, यावर त्या भागातली हवा ठरते.

धूर मात्र विरून जातो, म्हणून विसरलाही जातो. तोच जास्त बारीक आणि जास्त घातक असतो. २०१८ च्या कचराकोंडीत नारेगावचा डेपो बंद झाल्यावर गल्लोगल्ली पेटलेले ढीग ज्यांनी सोसले, त्यांना वेगळं सांगायला नको. शहर उत्तरेकडचे डोंगर आणि दक्षिणेकडची साताऱ्याची रांग यांच्या मधल्या खोलगट भागात आहे. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. ती वर उठत नाही, त्यामुळे धूर खालीच साचतो. सकाळच्या शाळेला निघालेली मुलं नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असतात.

आता पैसा कुठे जातो ते बघा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये देशभरातल्या खर्चाचा आढावा घेतला. स्वच्छ हवेच्या निधीतले सुमारे ६४ टक्के रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाले होते. वाहनांच्या प्रदूषणावर जेमतेम १३ टक्के. कारण सरळ आहे. शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते आणि पीएम १० कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे रस्ते डांबरी-सिमेंटचे करणं, झाडणारी यंत्रं आणणं, पाणी मारणं. ज्या विषयावर परीक्षेत गुण आहेत, तोच विषय अभ्यासला जातो.

रस्ता बंद करायचा अधिकार कुणाचा आणि कशासाठी?

वाहतुकीची अधिसूचना पोलीस काढतात. त्यामागे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ असतं. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यासाठी, किंवा रस्ता-पुलाची स्थिती बघून वाहनांवर बंदी किंवा बंधन घालता येतं, असं हे कलम सांगतं. बंदी एका महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापणं गरजेचं नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. त्याहून जास्त काळासाठी असेल तर राजपत्र लागतं.

या कलमात सुरक्षितता आहे, सोय आहे. 'हवा' हा शब्द नाही. हवेसाठी वेगळा कायदा १९८१ चा. त्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. स्वच्छ हवेचा निधी महापालिकेकडे. वाहनांची तपासणी आरटीओकडे. म्हणजे धूर एक आणि दारं चार. त्यामुळे पोलिसांच्या अधिसूचनेत 'अपघात टाळण्यासाठी' आणि 'कोंडी कमी करण्यासाठी' हे शब्द दिसतात. ट्रक वळवल्याने कोणत्या वस्तीतला धूर किती वाढेल, हे लिहिण्याची सक्ती कुणावरच नाही.

ट्रक बाहेर काढले, मग ते गेले कुठे?

या शहराने हा प्रयोग दोनदा केलाय. जालना रोडवरचा भार कमी व्हावा म्हणून बीड बायपास होता. मग सातारा-देवळाई वाढत गेलं. प्लॉटिंग झालं, शाळा आल्या, महाविद्यालयं आली, अपार्टमेंट उभी राहिली. हा भाग महापालिकेतही आला. बायपास नावापुरता उरला. प्रत्यक्षात तो एक मोठा नागरी रस्ता झाला, ज्यावर ट्रकच्या शेजारून दुचाकीवर लेकरं शाळेत जात होती. अपघातांनी हा रस्ता इतका बदनाम झाला की तिथेही जड वाहनांना वेळेचं बंधन घालायची वेळ आली.

मग धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ अजून बाहेरून वळवला गेला. उत्तरेकडून समृद्धी महामार्ग गेला. लांब पल्ल्याची वाहतूक आता शहरात न शिरता जाऊ शकते, ही जमेची बाजू खरीच. पण नव्या बायपासच्या कडेलाही 'एनए प्लॉट'चे फलक लागतात. शहर पुन्हा रस्त्याकडे धावू लागलंय.

हे हवेच्या दृष्टीने का महत्त्वाचं? अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या २०१० च्या अहवालानुसार मोठ्या वाहत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. म्हणजे प्रश्न फक्त 'ट्रक शहरात की शहराबाहेर' एवढा नाही. त्या रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत किती लोक राहतात, हा आहे. नव्या बायपासलगत आज बांधकाम परवानगी देताना किती मोकळी जागा सोडली जाते, यावर दहा वर्षांनंतरची तिथली हवा ठरणार आहे.

आणि सगळे ट्रक बाहेर जाऊही शकत नाहीत. जाधववाडीच्या बाजार समितीत भाजीपाला यायलाच हवा. किराणा, सिमेंट, सिलिंडर, औषधं शहरातच उतरतात. मोठ्या गाडीला बंदी घातली की तोच माल चार छोट्या गाड्यांतून येतो. त्या चारही जुन्या डिझेल गाड्या असतील तर बाजारातला धूर कमी होण्याऐवजी वाढेल. म्हणून बंदीसोबत 'कोणती गाडी' आणि 'किती वाजता' हे दोन्ही ठरवावं लागतं.

दुकानदारांची भीती खरी आहे का?

काही अंशी, हो. गुलमंडीत लग्नाचा बस्ता घ्यायला आलेलं कुटुंब खेड्यातून जीपने येतं. त्यांना पाच-सहा पिशव्या घेऊन पैठण गेटपर्यंत चालायला लावलं आणि तिथे गाडी लावायला जागाच नसेल, तर ते पुढच्या वेळी दुसरीकडे जातील. पण गर्दीच्या दिवशी याच रस्त्यावर दहा मिनिटांचं अंतर कापायला अर्धा तास लागतो, तेव्हाही गिऱ्हाईक वैतागतंच. रस्त्यावरची बरीच जागा गिऱ्हाइकांच्या नव्हे, तर दुकानातल्याच लोकांच्या दुचाक्या अडवतात, हेही बाजारात कुणी नाकारत नाही.

आपल्या शहराला या विषयाचा अनुभव आहे. केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत २०२२ च्या सुरुवातीला देशातल्या ११ निवडक शहरांत औरंगाबादचं नाव होतं. सिडकोतल्या कॅनॉट प्लेसमध्ये पायी चालणाऱ्यांसाठी जागा मोकळी करण्याचे प्रयोग झाले. पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो आणि त्या दिवशी गाड्या बंद असतात. वर्षातून एक दिवस हवा बदलत नाही. पण दुकानदाराला आपल्या गल्ल्यात काय फरक पडला हे स्वतः मोजता येतं, आणि पुढच्या चर्चेत भीतीऐवजी आकडा घेऊन बसता येतं.

पीयूसी नाही तर पेट्रोल नाही, हे चालेल?

राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये 'नो पीयूसी, नो फ्युएल' धोरणाची घोषणा केली. आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवीन नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथल्या प्रशासनाने लस घेतली नसेल तर पेट्रोल नाही असा आदेश काढला होता. त्या वेळी प्रमाणपत्र तपासायची जबाबदारी पंपावरच्या पोरांवर आली आणि रांगेत रोज हुज्जत झाली. मनुष्यबळ न देता नियम पंपावर सोपवला की तेच पुन्हा होईल.

दुसरी अडचण तांत्रिक. पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. डिझेल गाडीच्या धुराची फक्त अपारदर्शकता, म्हणजे तो किती काळा आहे, ते बघतात. पीएम २.५ मोजत नाहीत, नायट्रोजन ऑक्साइडही नाही. म्हणजे पीयूसी हा दहावीच्या परीक्षेसारखा किमान निकष आहे. तो पास झाला म्हणजे गाडी स्वच्छ असं नाही, पण जी त्यातही नापास ती रस्त्यावर नकोच. एप्रिल २०२० पासून आलेली बीएस-६ वाहनं जुन्यांपेक्षा कितीतरी कमी धूर सोडतात. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा जुन्या, जास्त धूर ओकणाऱ्या व्यावसायिक गाड्यांपासून सुरुवात केली तर कमी लोकांना त्रास होऊन जास्त फायदा मिळतो. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना इंधन न देण्याचा नियम लागू झाला आणि विरोधामुळे काही दिवसांतच थांबवावा लागला. नियम बरोबर असूनही पुरेशी तयारी नसेल तर काय होतं, त्याचं हे ताजं उदाहरण.

जिल्ह्यातच यशस्वी झालेली वाहनबंदी

दूर लंडनला जायची गरज नाही. अजिंठा लेणीला गेला असाल तर तुम्ही ही बंदी पाळलेली आहे. फर्दापूर टी-पॉइंटला गाडी लावायची आणि पुढचे साधारण चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. लेण्यांतल्या चित्रांना आणि परिसराला धुराचा त्रास होऊ नये म्हणून. गर्दीच्या सुट्टीत बसची वाट बघावी लागते, कुरबुरी होतात. पण 'माझी गाडी लेणीच्या दारापर्यंत सोडा' असं आंदोलन कुणी करत नाही. कारण वाहनतळ आहे, बस आहे आणि नियम सगळ्यांना सारखा आहे.

कर्णपुऱ्याच्या नवरात्र यात्रेचंही तेच. श्रावणात घृष्णेश्वर आणि भद्रा मारुतीच्या गर्दीसाठी वेरूळ-खुलताबादकडची जड वाहतूक कसाबखेड्यामार्गे वळवतात, तेव्हाही कुणी कोर्टात जात नाही. तारखा ठरलेल्या असतात, पर्यायी रस्ता आधी जाहीर झालेला असतो. लोकांचा विरोध बहुतेक वेळा बंदीला नसतो. उद्या काय होणार हे माहीत नसण्याला असतो.

मग शहरात अडतं कुठे? बसवर

जानेवारी २०१९ मध्ये स्मार्ट सिटीची शहर बस सुरू झाली, ताफा होता १०० बसचा. केंद्राच्या सेवा मानकांनुसार दर हजार लोकांमागे ०.६ किंवा जास्त बस असतील तर सेवा उत्तम. ०.२ च्या खाली असेल तर शेवटची श्रेणी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. तेवढीच धरली तरी उत्तम श्रेणीसाठी सुमारे ७०० बस लागतात आणि शेवटच्या श्रेणीतून बाहेर पडायलाही २३५. शंभर बसचा हिशेब दर हजारी ०.०९ सुद्धा होत नाही. आणि २०११ नंतर शहर किती वाढलं, ते तुम्ही रोज बघता.

अजिंठ्यात चालतं आणि औरंगपुऱ्यात चालत नाही, त्याचं उत्तर या एका आकड्यात आहे. याच शहरातल्या लोकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेऊन देशभर नाव केलं होतं. अलीकडे इथल्याच उद्योजकांनी इलेक्ट्रिक मोटारी एकत्रित घेण्याची मोहीमही राबवली. धूर न सोडणारी गाडी केव्हाही चांगली. पण कोंडीत ती तेवढीच जागा अडवते. हडको ते वाळूज कामाला जाणाऱ्या माणसाला बस वेळेवर मिळाली, तर एक दुचाकी घरी राहते. हवेसाठी हिशेब त्या दुचाकीचा आहे.

पुढची अधिसूचना आली की हे सहा प्रश्न विचारा

1. कोणती वाहनं? सगळी, की जड आणि जुनी डिझेलची?
2. किती वाजता? शाळा सुटण्या-भरण्याच्या आणि हिवाळ्यातल्या पहाटेच्या वेळा त्यात आहेत का?
3. वळवलेली वाहनं कोणत्या वस्तीतून जाणार? तिथल्या लोकांना विचारलंय का?
4. माल उतरवायची ठरलेली वेळ आणि जागा आहे का? हमाल आणि हातगाडीवाल्यांचं काय?
5. त्याच दिवसापासून जादा बस आणि वाहनतळ आहे का?
6. बंदीच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे, बंद रस्त्यावर आणि पर्यायी रस्त्यावरही हवा कोण मोजणार?

कायमच्या बंदीआधी अनेकदा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या बातमीखाली राग व्यक्त करण्यापेक्षा लेखी हरकत द्या. त्यात रस्ता, वेळ आणि पर्याय लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर रोजचा एक्यूआय दिसतो. तो बघताना कोणत्या केंद्राचा आकडा आहे आणि मुख्य प्रदूषक पीएम १० आहे की पीएम २.५, हे जरूर तपासा. पीएम १० असेल तर महापालिकेला खोदकाम आणि राडारोड्याबद्दल विचारा. पीएम २.५ असेल तर धुराबद्दल.

सहापैकी शेवटचा प्रश्न सर्वांत स्वस्त आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. सहावा प्रश्न सुटला नाही तर बंदी यशस्वी झाली असं पोलीस म्हणतील, फसली असं व्यापारी म्हणतील, आणि बायपासकडेला राहणाऱ्या मुलाचा खोकला कुणाच्याच हिशेबात येणार नाही.